पाण्याकाठचा गुंठा

दसरा उलटला की पवना धरण काठोकाठ भरलेलं असतं. पाऊस ओसरलेला, डोंगरावरचं गवत अजून हिरवं, एका अंगाला लोहगड-विसापूरची जोडी, दुसऱ्या अंगाला तुंगचा सुळका आणि तिकोना. लोणावळ्याहून दुधिवरे खिंड उतरून येणाऱ्या रस्त्यावर शनिवारी सकाळपासून मोटारींची रांग लागते. बहुतेक जण सहलीला आलेले असतात. काही गाड्यांत मात्र नवरा-बायको, एखादे सासरे आणि पुढच्या सीटवर एजंट असतो. वळणावळणावर फलक लावलेले: 'लेक व्ह्यू एनए प्लॉट', 'टायटल क्लिअर', 'मोजकेच प्लॉट शिल्लक'. माळावर फक्कीने आखलेले चौकोन, त्यांत नंबर घातलेल्या पत्र्याच्या पाट्या, प्रवेशाला लोखंडी कमान. एजंट गाडी नेमकी त्या उंचवट्यावर नेऊन उभी करतो जिथून पाणी दिसतं. टोकनची रक्कम बहुधा तिथेच, उभ्याउभ्या ठरते.

त्याच उंचवट्यावर मे महिन्यात उभं राहिलं तर पाणी बरंच लांब गेलेलं दिसतं. मधे भेगाळलेल्या गाळाचा पट्टा पसरलेला असतो. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. ऊन चढतं तशी पातळी उतरत जाते आणि एरवी पाण्याखाली असलेलं वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं. देऊळ होतं म्हणजे आसपास माणसं होती, शेतं होती, त्या शेतांचे बांध होते.

पाणी बघून घर घेणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात जिथे जिथे 'लेक व्ह्यू'ची जाहिरात होते, तिथलं पाणी बहुतेक ठिकाणी धरणाचं आहे: पवना, मुळशी, वरसगाव, पानशेत, वळवण, शिरोता, भाटघर. यातला प्रत्येक काठ कुणीतरी मोजून ठरवलेला आहे आणि त्यासाठी कुणाची तरी जमीन घेतलेली आहे. म्हणून काठावरची जमीन एकजिनसी नसते. एकाच उतारावर बुडालेली जमीन असते, संपादित होऊनही कधी न बुडालेली असते, वनखात्याची असते, गावठाणाची असते, धरणग्रस्तांना दिलेली असते आणि खाजगी मालकीचीही असते. वरून सगळीकडे गवत सारखंच उगवतं. फरक कळतो तो कागदावर.

मुळशीत हा फरक शंभर वर्षांपूर्वी फार कडवटपणे कळला होता. टाटा कंपनीच्या वीजधरणासाठी मुळशी पेट्यातल्या जमिनी जाणार म्हणून 1921 साली रामनवमीच्या दिवशी तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. लढ्याची आठवण काढताना एक गोष्ट मात्र मागे राहते. पेट्यातल्या कितीतरी जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या किंवा गहाण पडलेल्या होत्या. नांगर धरणारा एक, कागदावर नाव दुसऱ्याचं. कंपनीने मोबदला देऊ केला तो कागदावरच्या नावाला. मोबदला हाती येणाऱ्यांचा विरोध लवकर विरघळला आणि कसणारे एकटे पडले. बापटांनी शेवटी रेल्वे अडवली, सात वर्षांची सजा भोगली. धरण झालं ते झालंच. मुळेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे वळलं.

कागदावर कोण आणि जमिनीवर कोण, हा मुळशीचा प्रश्न आज प्रत्येक बंगलो प्लॉटच्या व्यवहारात पुन्हा उभा राहतो. फक्त आता सावकाराच्या जागी गुंतवणूकदार आहे आणि कसणाऱ्याच्या जागी, पुष्कळदा, सातबारावर नाव न लागलेली बहीण.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला आणि मावळ-मुळशी दोन्ही शहरांच्या टप्प्यात आलं. हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या, हातात पैसा असलेली तरुण कुटुंबं वाढली. 2020 च्या टाळेबंदीने उरलेलं काम केलं. महिनोन्‌महिने फ्लॅटमध्ये कोंडून राहिलेल्यांना अंगण हवंसं वाटू लागलं, आणि ऑफिसचं काम घरून होत असेल तर ते घर पाण्याकाठी का नसावं, हा विचार स्वाभाविक होता. त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ती पद्धत, ज्या पद्धतीने हा विचार विकला जातो.

एक सातबारा समोर ठेवून बघू. वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, गट नंबर, भूधारणा पद्धती, खातेदारांची नावं, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, पोटखराबा आणि आकार. प्रत्येक नावासमोर कंसात किंवा वर्तुळात फेरफाराचा नंबर. उजव्या बाजूला कुळाचं नाव आणि 'इतर अधिकार'. खाली गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद. घेणारा बहुतेक वेळा दोनच गोष्टी वाचतो, विकणाऱ्याचं नाव आणि क्षेत्र. जमिनीचा स्वभाव मात्र इतर अधिकाराच्या त्या अरुंद रकान्यात लिहिलेला असतो. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, कुळकायद्याची बंधनं, 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा, 'हस्तांतरास बंदी' असा शेरा. जमीन भोगवटादार वर्ग एकची की दोनची, तेही याच उताऱ्यावर कळतं. वर्ग दोनची असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि लागू असेल तिथे नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही. धरणग्रस्तांना दिलेल्या जमिनींवर अशी बंधनं सर्रास असतात.

फेरफारांचे नंबर शोभेसाठी नसतात. एकेक नंबर उलगडत मागे गेलं की कळतं की आजोबा कधी वारले, वारस म्हणून कुणाची नावं लागली, कुणाची लागली नाहीत, वाटप तोंडी झालं की नोंदणीकृत, मधेच कुणी बक्षीसपत्र केलं का. जाणते वकील तीस वर्षांचा शोध घेतात तो याचसाठी. आणि तरीही सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. तो महसुली अभिलेख आहे. जमीनमहसूल कायद्यानुसार त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण नोंदीने हक्क निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. जाहिरातीतलं 'टायटल क्लिअर' म्हणजे पुष्कळदा 'सातबारावर नाव आहे' एवढंच असतं.

नाव लागलं नाही अशी सर्वांत मोठी संख्या मुलींची आहे. महाराष्ट्राने 1994 मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती भिंतही पडली. हा हक्क जन्मानेच मिळतो, वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट 2020 मध्ये दिला. गावात मात्र 'बहिणी काही मागणार नाहीत' हे गृहीत धरूनच व्यवहार पुढे सरकतो. रजिस्ट्रीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर हे चित्र दिसतं. दोन जीप भरून माणसं आलेली, त्यांत वेगवेगळ्या सासरहून बोलावून आणलेल्या तीन-चार बायका, डोक्यावर पदर, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. त्यांना हक्कसोडपत्रावर अंगठा आणि फोटो द्यायचा असतो. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रावर शेतात झिजलेलं बोट उमटत नाही, म्हणून ऑपरेटर ते पुन्हा पुन्हा पुसायला लावतो. दस्तात नेमकं काय लिहिलंय ते त्यांना क्वचितच कुणी वाचून दाखवतं. बदल्यात साडी, थोडी रक्कम, कधी नुसतं माहेर तुटू नये एवढी आशा. यातली एखादी आली नाही किंवा पुढे तिच्या मुलाने दावा लावला की अडकतो तो प्लॉट घेणारा. म्हणून शहरातल्या ग्राहकाने हा 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून सोडून देऊ नये. बहिणीला तिचा वाटा मिळाला का, हे विचारणं माणुसकीचंही आहे आणि हिशेबाचंही.

यानंतर गुंठ्यांचं गणित येतं. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे ठरावीक प्रमाणापेक्षा लहान तुकडे विकायला बंदी केली. ग्रामीण भागासाठी हे प्रमाणभूत क्षेत्र 2023 मध्ये कमी करून जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केलं गेलं. शहरांलगतच्या भागांसाठी सरकारने पुढे आणखी सवलती दिल्या, पण गावाकडची प्रत्येक टेकडी त्यात बसत नाही. दोन-तीन गुंठ्यांचा प्लॉट तर सगळ्यांनाच हवा असतो. मग वाट काढली जाते. दहा अनोळखी कुटुंबं मिळून एक मोठा तुकडा घेतात, सातबारावर दहाही नावं सामाईक लागतात आणि कुणाचा कोपरा कोणता हे एका कागदी नकाशावर ठरतं. या नकाशाला भूमी अभिलेख कार्यालयात काही किंमत नसते. कुठे नोंदणीच होत नाही. पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून पैसे दिले जातात. 'साहेब, इथं सगळे असंच घेतात,' हे वाक्य या धंद्यात दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. ते खोटं नाही, आणि चिंता वाटावी ती त्यामुळेच.

शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. कुळकायद्याचं कलम 63 परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला मनाई करतं. त्यावर तोडगा म्हणून कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यातला शेतकरी दाखला 'करून देणारे' भेटतात. तो खोटा ठरला की व्यवहार बेकायदा ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. आदिवासींच्या जमिनीबाबत कायदा याहून कडक आहे. जमीनमहसूल कायद्याच्या 36 आणि 36-अ कलमांनुसार जिल्हाधिकारी आणि शासनाच्या परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीला जाऊच शकत नाही. मावळ-मुळशीतल्या कातकरी, महादेव कोळी, ठाकर वस्त्यांच्या भोवतीच्या कितीतरी जमिनींना हे लागू आहे. कुलमुखत्यारपत्र, नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, घरगड्याच्या नावावर खरेदी असल्या पळवाटांनी त्या घेण्याचे प्रयत्न होतात. अशा जमिनीवर बांधलेल्या घराला पाया नसतो, मग खाली कितीही काँक्रीट ओतलेलं असो.

'फार्म हाऊस' हा आणखी एक गोड शब्दप्रयोग. कायद्याला अभिप्रेत असलेली शेतघराची इमारत शेतीसाठी असते, आणि त्यासाठी किमान धारणा 0.4 हेक्टर म्हणजे साधारण एक एकर लागते. तीन गुंठ्यांत जलतरण तलाव आणि दोन खोल्या म्हणजे शेतघर नव्हे. शेतजमीन 'शेतजमीन' म्हणूनच विकली की महारेराची नोंदणीही टाळता येते. एरवी 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं एवढ्याच प्रकल्पांना त्या नोंदणीतून सूट आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवून 'घर नावावर आहे' असं सांगितलं जातं. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीची नाही आणि बांधकाम परवान्याची तर नाहीच. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2015 मध्ये स्थापन झाल्यावर त्याच्या हद्दीत बांधकाम परवानगी प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. सरपंचाच्या सहीशिक्क्याचा ना-हरकत दाखला तिथे पुरत नाही.

मग एवढं सगळं असताना घरं बांधली कशी जातात, विकली कशी जातात? कारण घेताना कुणी अडवत नाही. अडतं ते विकताना.

पाण्याकाठच्या घराच्या बाजारातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि एजंट ती कधी सांगत नाही. खरेदी देखाव्यावर होते, विक्री कागदावर. दहा-बारा वर्षांनी मुलं परदेशी जातात, गुडघे दुखायला लागतात, घाटातून गाडी चालवणं नको होतं, आणि बंगला विकायला निघतो. आता समोरचा ग्राहक बँकेचं कर्ज घेणारा असतो. बँकेचा वकील फाइल मागतो. अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, हद्द कायम केल्याची मोजणी, स्वतंत्र सातबारा. सामाईक सातबारावर बँक कर्ज देत नाही. इतर नऊ सहहिस्सेदारांपैकी एक दुबईत, एक वारलेला आणि त्याच्या वारसांचं आपसात पटत नाही. सह्या गोळा होत नाहीत. मोजणी मागवली तर भूकरमापक दाखवतो ती हद्द स्वयंपाकघरातून जाते. कुंपण घालताना ज्या वाटेने ट्रक आले, ती वाट शेजाऱ्याच्या गटातली होती आणि त्याच्या मुलाने आता तिथे फाटक लावलंय. वाट अडवली म्हणून मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, बांधावरून रस्ता मागण्यासाठी महसूल कायद्याचं कलम 143 आहे. पण त्या तारखांना पुण्या-मुंबईहून येणार कोण? शेवटी घर मिळेल त्या किमतीला, रोखीने, तसाच धोका पत्करणाऱ्या पुढच्या माणसाला जातं. किंवा पडून राहतं. मुळशीच्या आतल्या रस्त्यांवर गंजलेल्या फाटकांचे, गवत कमरेएवढं वाढलेले बंगले जागोजाग दिसतात.

मोठ्या प्रकल्पात घेतलं की ही कटकट नसते, असा एक समज आहे. वरसगाव धरणाच्या काठावरच्या लवासाने तो समज मोडून काढला. इटलीच्या किनाऱ्यावरच्या गावासारखी रंगीत घरं, पाण्याकाठचा फेरफटका, स्वतंत्र नियोजन प्राधिकरणाचा दर्जा, सगळं होतं. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण परवानगी नाही म्हणून काम थांबवण्याची नोटीस दिली. वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली, पण तोवर पैशाचं चक्र अडलं होतं. ऑगस्ट 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. 2023 मध्ये 1,814 कोटींची निराकरण योजना मंजूर झाली तेव्हा 837 घरखरेदीदारांचे दावे मान्य झालेले होते. ठरलेले पैसे न आल्याने ती योजनाही कोलमडली आणि प्रक्रिया पुन्हा मागे गेली. ज्यांनी तिशी-पस्तिशीत घर नोंदवलं ते आता पन्नाशीकडे आलेत. जवळच्या अँबी व्हॅलीची तऱ्हा निराळी. सहाराची ही वसाहत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2017 मध्ये लिलावाला निघाली. राखीव किंमत 37,392 कोटी रुपये होती आणि ती देणारं कुणी पुढे आलं नाही. नावाचं वलय आणि जमिनीची खरी किंमत यांत किती अंतर असतं, ते या दोन नावांनी दाखवून दिलं.

आता ही लाट कोयनेच्या काठावर पोचली आहे. तापोळा-बामणोलीच्या परिसरात 'नवीन महाबळेश्वर' उभारण्याचा सरकारचा प्रकल्प आहे. पहिल्या टप्प्यात सातारा जिल्ह्यातली 235 गावं त्यासाठी ठरवली गेली. घोषणा होताच गुंठ्याचा भाव बोलला जाऊ लागला. त्याच परिसरात, कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावाचं प्रकरण 2024 मध्ये राज्यभर गाजलं. जलाशयामागच्या या दुर्गम गावातली शेकडो एकर जमीन बाहेरच्या मोजक्या लोकांनी घेतल्याच्या तक्रारी झाल्या. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीची मर्यादा 54 एकर ठेवली आहे. तिचा भंग झाला का, यावर जिल्हा प्रशासनाला सुनावणी लावावी लागली. कोयना धरणाने उठलेली इथली माणसं साठ वर्षांपूर्वी लांब लांब नेऊन वसवली गेली. मागे राहिलेल्या जमिनीवर आपला अजून हक्क आहे की ती सरकारची झाली, हेच कितीजणांना ठाऊक नव्हतं. ज्याला आपल्या मालकीची खात्री नाही, त्याच्याकडून जमीन स्वस्तात घेता येते.

विकणाऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. 'आता काय, करोडपती झालेत सगळे,' असं त्यांच्याबद्दल बोललं जातं. गुंठ्याला जो भाव शेवटच्या ग्राहकाने दिला, तो मूळ शेतकऱ्याला मिळालेला नसतो. एकरात घेऊन गुंठ्यात विकणारे मधे दोन-तीन हात असतात. शेतकऱ्याच्या हातात एकरकमी पैसा येतो. त्यातून जुनं कर्ज फिटतं, लग्न होतं, पक्कं घर उभं राहतं, दाराशी गाडी येते. पैसा थांबत नाही आणि भात पिकवणारं खाचर परत येत नाही. मग त्याच जमिनीवरच्या बंगल्यात घरची बाई स्वयंपाकाला आणि मुलगा राखणदार म्हणून जातो. ही काही एका कुटुंबाची कहाणी नाही. पवनेच्या काठाने कुठल्याही वाडीत चौकशी केली तर असं घर सापडतं.

याला पर्याय आहे आणि तो इथेच सुरू झालाय. पवनेभोवती ज्या शेतकऱ्यांनी जमीन न विकता तंबू लावले, घरचं जेवण दिलं, खोल्या काढल्या, त्यांच्याकडे सातबाराही राहिला आणि हंगामाचं उत्पन्नही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, त्याखाली शेतकऱ्याला रीतसर नोंदणी करता येते. त्यातही गोंगाट, कचरा, परवानगीविना पाण्यात सोडलेल्या बोटी, बुडून झालेले मृत्यू हे सगळं आहे, आणि त्यावर कडक नियमन हवंच. पण शहरातल्या माणसाला वर्षातले वीस-पंचवीस दिवसच पाण्याकाठी काढायचे असतील, तर त्यासाठी कुणाचं खाचर कायमचं घेण्याची गरज नाही. ते दिवस भाड्याने मिळतात, आणि पैसे थेट जमिनीच्या मालकाला जातात.

सांडपाण्याचाही विचार करायला हवा. पवनेच्या उतारांवरच्या वस्त्यांना मलनिस्सारण वाहिनी नाही. बंगल्यागणिक शोषखड्डा, आणि उतार सरळ जलाशयाकडे. तेच पाणी खाली रावेतला उचललं जाऊन शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या घरांत येतं. प्लॉट घेणाऱ्यांतले पुष्कळ जण त्याच घरांत राहतात. उताराचा धोका वेगळाच. बंगल्यासाठी सपाटी हवी म्हणून जेसीबी डोंगराची कूस कापतो, वरचा मुरूम मोकळा होतो. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेलं माळीण 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराखाली गेलं, 151 माणसं गेली. रायगडातली इरशाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री गेली. हे डोंगर पावसात काय करू शकतात ते यांनी दाखवलंय. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना मसुद्यावर मसुदे निघून अडकून पडली आहे. महाराष्ट्रातलं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्यात येतं. ज्या गावात घर घ्यायचं ते त्या यादीत आहे का, हे आज तपासता येतं. तपासणारे थोडे.

या हिवाळ्यात पाण्याकाठी घर बघायला जाणार असाल, तर टोकन खिशातच ठेवा. गट नंबर घेऊन आधी जलसंपदा विभागाच्या धरणावरच्या कार्यालयात जा आणि संपादनाची हद्द, पूर्ण संचय पातळी आणि पूररेषा कुठून जाते ते विचारा. निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. मग भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी मागवा, तिला महिना लागला तरी चालेल. जुने फेरफार काढा, बहिणींची नावं शोधा, वाट कुणाच्या गटातून येते ते चालून बघा. मे महिन्यात एकदा परत या. एवढं झाल्यावरही जमीन घ्यावीशी वाटली आणि कागद ठीक असले, तर जरूर घ्या. पण किंमत मूळ मालकाच्या खात्यात पोचते ना, तेही बघा.

आणि सरकारने दोन कामं करायला हवीत. संपादित जमिनीची हद्द आणि पूररेषा प्रत्येक गावाच्या ऑनलाइन नकाशावर गट नंबरांसह दाखवावी, म्हणजे निम्मी फसवणूक तिथेच थांबेल. दुसरं काम त्याहून जुनं आहे: धरणग्रस्तांचं देणं फेडायचं. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेचं पाणी धरणातून थेट पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यांत एक बाई होती. धरणासाठी घेतलेली पण पाण्याखाली न गेलेली जमीन आम्हालाच परत द्या, ही पवना धरणग्रस्तांची मागणी त्याच्याही आधीपासूनची आहे. धरण होऊन पन्नास वर्षं झाली, तरी त्यातल्या कितीतरी कुटुंबांना पर्यायी जमीन मिळालेली नाही. काठावरच्या मोकळ्या जागेवर पहिला हक्क त्यांचा आहे.